इथरनेटमधील वेगनिश्चितीचा इतिहास आणि ‘नादुरुस्त’ नेटवर्क कार्ड
(विशेष संदर्भ : प्रताप नगर, नागपूर परिसरातील संगणक प्रयोगशाळा)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे रोजच्या भाषेतील डेडस्टॉक रजिस्टरात, वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि निर्लेखनाचा ठराव एवढे सापडते. वस्तू का काढून टाकली, या प्रश्नाला तेथे बहुधा एकाच शब्दाचे उत्तर असते : नादुरुस्त. २००० नंतरच्या दशकात संगणक प्रयोगशाळांतून या शब्दाखाली ज्या लहानसहान वस्तू निकालात निघाल्या, त्यांत नेटवर्क कार्डाचा समावेश होतो. काही शे रुपयांची वस्तू. तिच्या बिघाडाची चौकशी करण्यापेक्षा ती बदलणे सोपे. त्यामुळे हे कार्ड खरोखर बिघडले होते काय, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

प्रस्तुत निबंधात तो विचारला आहे. ज्या दोषाचे खापर कार्डावर फुटले तो पुष्कळदा कार्डाचा नव्हता. तारेच्या दोन टोकांनी वेग आणि संवादाची पद्धत याविषयी आपसांत जो करार करावयाचा असतो, तो मोडल्यामुळे तो निर्माण झाला होता. आणि हा करार यंत्रांनी मोडला त्याहून अधिक वेळा माणसांनी, चांगल्या हेतूने, मोडला असे येथे प्रतिपादन आहे.

नागपूरच्या नैर्ऋत्य भागातील प्रताप नगर हा परिसर या विवेचनासाठी सोयीचा आहे. रिंग रोडलगतची ही मध्यमवर्गीय ले-आउटची वस्ती. शेजारी खामला आणि त्रिमूर्ती नगर; माटे चौकाच्या बाजूने गेल्यास गायत्री नगर-परसोडीचे आयटी पार्क; आणि जवळच दक्षिण अंबाझरी मार्गावर १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, जे २००२ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. राष्ट्रीय दर्जाची संस्था, सॉफ्टवेअर कंपन्या आणि घराच्या तळमजल्यावर किंवा लहान महाविद्यालयाच्या एका खोलीत मांडलेल्या दहा-वीस संगणकांच्या प्रयोगशाळा येथे काही किलोमीटरच्या टापूत एकत्र नांदतात. संगणकाची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ, प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी आणि अर्धवेळ शिकविणारा अभियंता या तिन्ही ठिकाणी वावरतो. त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही वावरते, आणि त्याच्या सवयीही.

सामायिक तारेपासून स्विचपर्यंत

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात २२ मे १९७३ च्या टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ दशलक्ष बिट एवढा होता. प्रेरणा हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रामसन यांच्या अलोहा या रेडिओ जाळ्याची होती. सर्वांनी एकाच माध्यमात बोलायचे, दोघे एकदम बोलले तर टक्कर झाली असे समजून थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, हा त्यामागील नियम. चावडीवरच्या चर्चेला हा नियम नवा वाटणार नाही. १९८० साली डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० एमबीपीएसचा संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला आणि १९८३ मध्ये आयईईईने ८०२.३ या क्रमांकाने त्याचे मानक केले. मेटकाफ यांना पुढे २०२२ या वर्षाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

या काळात वेग ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. वेग एकच होता, आणि एका वेळी एकानेच बोलायचे असल्यामुळे पद्धतही एकच होती. तिला हाफ-डुप्लेक्स म्हणतात. भारतात १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट प्रकल्प सुरू केला, तेव्हा मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः विभाग असे आठ सहभागी होते. त्या पिढीतील जाळ्यांत बिघाड म्हणजे बहुधा तार तुटणे, जोड सैल होणे किंवा टोकाचा रोधक निघून पडणे. कार्डाच्या बाबतीत अडचण येई ती संगणकाच्या आत : जंपर कोणत्या जागी लावावा, कोणता इंटरप्ट क्रमांक मोकळा आहे, ध्वनीकार्डाशी तो भिडतो काय. नॉव्हेलच्या एनई २००० या रचनेची असंख्य कार्डे बाजारात होती. ती जागेवर बसविणे कटकटीचे असे; पण एकदा बसली की तारेच्या दुसऱ्या टोकाशी त्यांचा वाद होत नसे.

वादाला जागा निर्माण झाली ती स्विचमुळे. १९९० मध्ये दोन गोष्टी घडल्या. पिळलेल्या जोडतारांवरील इथरनेटला, म्हणजे १०बेस-टीला, मानकाचा दर्जा मिळाला. आणि कॅलिफोर्नियातील एका कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाज यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. फुल-डुप्लेक्स इथरनेटच्या आरंभीच्या प्रयत्नांतही तिचे नाव येते. स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळाली. जाण्याची जोडी वेगळी, येण्याची वेगळी. मग टक्कर होण्याचे कारण उरले नाही आणि दोघांनी एकाच वेळी बोलण्यास हरकत राहिली नाही. हीच फुल-डुप्लेक्स पद्धत. १९९७ च्या ८०२.३एक्स या पुरवणीने तिला मानकात स्थान मिळाले.

१९९५ चे मानक आणि मौनाचा अर्थ

१९९५ मध्ये १०० एमबीपीएसचे फास्ट इथरनेट आले, ८०२.३यू या क्रमांकाने. एकाच आकाराच्या सॉकेटमध्ये आता १० चे कार्ड असू शकत होते, १०० चे असू शकत होते, हाफ किंवा फुल असू शकत होते. दोन टोकांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून त्याच मानकात ऑटो-निगोशिएशनची योजना घालण्यात आली. तिचे मूळ नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एनवे या पद्धतीत आहे.

ही योजना मोठी साधी आणि, म्हटले तर, सुंदर आहे. १०बेस-टीची यंत्रे रिकाम्या वेळी सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक स्पंद पाठवून ‘तार जिवंत आहे’ असे कळवीत. नव्या यंत्रांनी त्या एका स्पंदाच्या जागी १७ ते ३३ स्पंदांचा झुबका पाठवायचा. त्यांतील १७ स्पंद ताल धरण्यासाठी. त्यांच्या मधल्या १६ जागी स्पंद आहे की नाही यावरून १६ बिटांचा शब्द वाचायचा. ‘मला काय काय येते’ याची ती यादी. दोन्ही टोकांनी याद्या पाहिल्या की दोघांना येणाऱ्या पद्धतींतील सर्वांत वरची पद्धत, ठरलेल्या क्रमाने, आपोआप निश्चित होते. जुन्या यंत्राला हा झुबका साध्या स्पंदासारखाच भासतो, त्यामुळे त्याचेही अडत नाही.

पण यादी न पाठविणाऱ्या यंत्राशी कसे वागावे? मानकाने उत्तर दिले ते असे : समोरून येणाऱ्या संकेतावरून त्याचा वेग ओळखावा. १० चा संकेत आणि १०० चा संकेत वेगळे दिसतात, म्हणून हे शक्य आहे. हाफ की फुल हे मात्र संकेतावरून ओळखता येत नाही. तेव्हा समोरचा जुना आहे असे गृहीत धरून हाफ-डुप्लेक्स पत्करावे. १९९५ मध्ये या गृहीतकात काही वावगे नव्हते. जो बोलत नाही तो जुनाच असणार, असे तेव्हा मानता येत होते.

माणसाने एखाद्या नव्या कार्डाला ‘१०० फुल’ असे सक्तीने सांगितले की ते बहुधा बोलणीच बंद करते. यादी पाठवीत नाही. समोरचा स्विच १०० चा वेग ओळखतो, यादीची वाट पाहतो, ती येत नाही म्हणून नियमाप्रमाणे हाफ होतो. तारेचे एक टोक फुल, दुसरे हाफ. आणि दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागलेले.

या विजोडाचा परिणाम फसवा असतो. फुल असलेले टोक हवे तेव्हा बोलते. हाफ असलेले टोक स्वतः बोलत असताना समोरून काही आले की ती टक्कर समजते, आपले वाक्य मध्येच तोडते. फुल टोकाला तुटलेले तुकडे मिळतात आणि ते त्यांची नोंद तपासणी-बेरजेची चूक म्हणून करते. पहिल्या ६४ बाइटनंतर झालेली टक्कर ‘उशिराची टक्कर’ ठरते. ते पाकीट कार्ड स्वतःहून पुन्हा पाठवीत नाही, वरच्या थरातील टीसीपीला ते हरवल्याचे उशिरा कळते. पिंगची आज्ञा दिली तर उत्तर व्यवस्थित येते, कारण तेथे एक विचारतो, दुसरा नंतर उत्तर देतो, दोघे एकदम बोलतच नाहीत. मोठी फाइल उतरवू लागले, एका दिशेने माहिती आणि उलट दिशेने तिच्या पोचपावत्या धावू लागल्या, की वेग कोसळतो. तपासताना सर्व ठीक आणि काम करताना सर्व ठप्प, अशा यंत्राला प्रयोगशाळा-सहायकाने अविश्वसनीय म्हटले तर त्याला दोष देता येत नाही.

सक्तीचा सल्ला आणि त्याचे स्थलांतर

मुळात ही सक्ती करावीशी का वाटली? याला खरे कारण होते. १९९५ च्या मजकुरात काही संदिग्धता राहिल्या होत्या. वेगवेगळ्या उत्पादकांनी त्यांचा वेगवेगळा अर्थ लावला आणि काही कार्डे काही स्विचांशी बोलणी पूर्णच करीत नसत. मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीत या जागा दुरुस्त झाल्या. मधल्या तीन-चार वर्षांत मोठ्या संगणक केंद्रांतील व्यवस्थापकांनी स्वतःचा तोडगा काढला : बोलणीवर विसंबू नका, दोन्ही टोके हाताने ‘१०० फुल’ करा. बँका, दूरसंचार कंपन्या आणि मोठ्या संस्था येथे हा सल्ला बरोबर होता, कारण तेथील स्विच व्यवस्थापनक्षम होते. त्यांच्या प्रत्येक पोर्टला आज्ञा देता येत होती आणि प्रत्येक पोर्टवरील चुकांची मोजदादही पाहता येत होती.

सल्ला तेथून निघाला आणि लहान प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा त्यातील ‘दोन्ही टोके’ हे शब्द गळून पडले. ते पाळणे तेथे शक्यच नव्हते. लहान महाविद्यालयात किंवा प्रशिक्षण केंद्रात असे तो स्वस्तातला, आज्ञा न घेणारा स्विच; त्याला ना पडदा, ना पत्ता, ना सेटिंग. तो फक्त बोलणी करणे जाणतो. अशा स्विचला जोडलेले कार्ड ‘१०० फुल’ केले तर विजोड क्वचित नव्हे, प्रत्येक वेळी होणार. त्याआधीच्या हबच्या बाबतीतही तेच. हब हा स्वभावतःच हाफ-डुप्लेक्स असतो. मोठ्या केंद्रात दोष टाळणारा उपाय येथे दोष निर्माण करणारा ठरला, आणि पोर्टवरील मोजदाद दिसण्याची सोय नसल्यामुळे तो पकडण्याचे साधनही येथे नव्हते. प्रताप नगरासारख्या परिसरात, जेथे एकच तंत्रज्ञ सकाळी आयटी पार्कमधील कार्यालयात आणि संध्याकाळी कॉलेजच्या खोलीत जाऊ शकतो, हे स्थलांतर किती सहज घडत असेल ते सांगावयास नको. ज्ञान प्रवास करते तेव्हा त्याच्या अटी मागे राहतात, ही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीपासून बियाण्याच्या वाणापर्यंत सर्वत्र दिसते.

यापुढचा क्रम तर्काने जोडता येतो. संगणक संथ झाला, कोणीतरी सेटिंग ‘१०० फुल’ केले, तो अधिकच संथ झाला, कार्ड बदलले. नवे कार्ड मूळच्या ‘ऑटो’ स्थितीत आले, त्याने स्विचशी बोलणी केली आणि सर्व सुरळीत झाले. जुने कार्ड खराब होते याचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणता? नोंदवहीतील ‘नादुरुस्त’ हा शब्द अशा पुराव्यावर उभा राहू शकतो. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा नोंदीचा अर्थ लावताना ती बिघाडाची नोंद न मानता बदलाची नोंद मानावी, हे अधिक सुरक्षित होय.

स्वस्त कार्ड, केबल आणि उन्हाळा

कार्डे सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. त्या दशकात सर्वाधिक दिसे ती रियलटेकच्या ८१३९ या चिपवरील कार्डे. तिच्या रचनेवर फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी चालक-आज्ञावली लिहिणारे बिल पॉल यांनी आपल्या आज्ञावलीतील टिपणातच कडक टीका केली आहे. येणारी सर्व पाकिटे एका सलग वर्तुळाकार साठ्यात पडत, प्रोसेसरला ती एकेक करून बाहेर नक्कल करावी लागत. पाठविण्यासाठी अवघ्या चार जागा. यामुळे जुन्या संगणकाच्या प्रोसेसरवर भार पडे. ही काटकसर होती, बिघाड नव्हे. नासाच्या गोडार्ड केंद्रात डोनाल्ड बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १९९४ मध्ये साध्या ४८६ संगणकांचे बिओवुल्फ नावाचे समूहयंत्र साध्या इथरनेटवरच उभारले, आणि लिनक्ससाठी स्वस्त कार्डांच्या चालक-आज्ञावली व तपासणीची साधने बेकर यांनीच मोठ्या संख्येने लिहिली. महागड्या कार्डाविना काम होत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

केबलची बाजू अधिक दुर्लक्षित आहे. बोलणीचे स्पंद अतिशय संथ असतात. ते वाईट केबलमधूनही सुखरूप पोहोचतात. म्हणजे बोलणी यशस्वी होणे ही केबलची परीक्षा मुळीच नव्हे. १०० एमबीपीएससाठी १-२ आणि ३-६ या क्रमांकाच्या टाचण्या वापरतात, आणि ३ व ६ ही एकाच पिळाची जोडी असावी लागते. रंगांचा क्रम न पाळता तारा सरळ एकामागून एक बसविल्या तर ३ एका पिळात आणि ६ दुसऱ्या पिळात जाते. दिव्यांचा साधा टेस्टर अशा केबलला उत्तीर्ण करतो, कारण प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत अखंड असते. पण जोड्या एकमेकींत कुरबुर करीत राहतात. १० वर असे जाळे चालते, १०० वर अडखळते. कार्ड ‘१० वर चालते, १०० वर चालत नाही’ हे निरीक्षण मग कार्डाच्या नावावर जमा होते.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. केबलची १०० मीटरची मर्यादा २० अंश सेल्सिअस तापमान धरून आखलेली आहे. तापमान वाढते तसा तारेतील संकेताचा क्षयही वाढतो. टीआयएच्या केबल मानकात ही वाढ २० ते ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ६० अंशांपर्यंत ०.६ टक्के धरतात. मे महिन्यातील ४५ अंशांत ही वाढ ११ टक्के होते. गच्चीवरून, उन्हात तापलेल्या भिंतीलगत नेलेल्या केबलचे तापमान ६० अंशांवर गेले तर २० टक्के. इमारतीच्या आतल्या आखूड केबलला याने काही होत नाही. पण एका विभागातून दुसऱ्या विभागात मर्यादेच्या काठावर ओढलेली केबल जानेवारीत चालते आणि मे महिन्यात, नेमकी प्रवेशप्रक्रियेच्या तोंडावर, रुसते. शिवाय वैदर्भीय उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. त्याच्या ओलसर हवेत, हातयंत्राने दाबून बसविलेल्या हलक्या प्रतीच्या कनेक्टरवर पातळ मुलामा झिजला की गंज धरतो. दोष ऋतूनुसार येतो आणि जातो. कार्ड मात्र एकदाच बदलले जाते.

बाहेरच्या वाहिनीचा आडोसा

एवढा व्यापक दोष वर्षानुवर्षे लपून कसा राहिला, याचे उत्तर बाहेरच्या जोडणीत आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सेवा सुरू केली. विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट योजना डिसेंबर २००२ मध्ये आली. २००९ पासूनच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानात महाविद्यालयांना मिळाल्या त्या ५१२ केबीपीएसच्या व्हीपीएन जोडण्या. विजोडाने पंगू झालेले अंतर्गत जाळेही साधारणपणे यापेक्षा जलद असते. त्यामुळे संथपणाचा सारा दोष बाहेरच्या सेवेवर टाकला जाई, आणि पुष्कळदा तो तिचा असेही.

आतला दोष उघडा पडे तो आतल्याच कामात : ग्रंथालयाच्या सोल प्रणालीवर अनेक जणांनी एकदम शोध घेताना, सर्व्हरवर मोठी फाइल ठेवताना, किंवा महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची सचित्र सामग्री केंद्रातील सर्व्हरवरून वीस विद्यार्थी एकाच वेळी पाहत असताना. ज्या विद्यार्थ्याच्या वाट्याला विजोड संगणक येई त्याचा धडा पुढे सरकत नसे. त्याने तो आपल्या मंदपणावर घेतला असेल तर त्याची नोंद कोठेच नाही.

बाहेरच्या जोडण्या पुढे शेकडो एमबीपीएसपर्यंत वाढल्या तसा हा आडोसा गेला. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर आणि इंटरनेट जोडणीची क्षमता हे दोन्ही निकष आले. प्रवेशद्वारापाशी आलेली क्षमता बाकापर्यंत किती पोहोचते, हे मात्र मोजले जात नाही.

१९९९ च्या ८०२.३एबी मानकाने तांब्याच्या तारेवरील गिगाबिटसाठी बोलणी अनिवार्य केली. कोणत्या टोकाने कालमापनात पुढाकार घ्यायचा हेही तीत ठरत असल्यामुळे ती टाळता येत नाही. तिच्याबरोबर एक नवी अडचणही आली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, पण बोलणी दोनच जोड्यांवर होते. काटकसरीच्या काळात एकाच केबलमधून दोन संगणक जोडलेले असतील, तर बोलणीत दोन्ही टोके गिगाबिटला होकार देतात आणि उरलेल्या दोन जोड्या शोधताना अडकतात. काही चिपा अशा वेळी स्वतःहून १०० वर उतरतात, काही उतरत नाहीत. दिवा लागतो आणि विझतो.

जुनी सक्तीही संपलेली नाही. विंडोजमधील कार्डाच्या गुणधर्मांत ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ही यादी अजून असते आणि तीत ‘१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स’ हा पर्यायही असतो. त्याच यादीतील ‘१ जीबीपीएस फुल डुप्लेक्स’ निवडल्यास कार्ड सामान्यतः बोलणी चालूच ठेवते, फक्त यादीत एकच पद्धत सांगते. पण १०० चा पर्याय निवडल्यास ते बहुधा गप्प बसते, आणि समोरचा अद्ययावत गिगाबिट स्विच १९९५ च्या नियमाला अनुसरून हाफ-डुप्लेक्स होतो.